नगरकर महानगरात

नगरच्या माणसाला आपल्या गावाचे नाव सांगताना एक मोठी सोय असते. पुणेकराला पुणे म्हणावे लागते, नागपूरकराला नागपूर. आम्ही नुसते 'नगर' म्हणतो आणि पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा करतो. जणू काही पृथ्वीच्या पाठीवर नगर एकच! १४९० साली अहमद निजामशहाने सीनेच्या काठी या शहराचा पाया घातला, आणि तेव्हापासून कागदोपत्री त्याचे जे काही असेल ते असो, बाजारात ते नगरच राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारदरबारी चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव त्याला लाभले आणि आम्ही अहिल्यानगरकर झालो. नाव मोठ्या मानाचे आहे, पाट्याही बदलल्या. परंतु एस्टीचा कंडक्टर 'नगर, नगर' असेच ओरडतो, आणि माझी आईही पत्ता विचारणाऱ्याला 'आम्ही नगरचे' एवढेच सांगते.

योगायोग असा, की ज्या महिन्यात आमच्या गावाचे नाव बदलत होते, त्याच महिन्यात आम्ही एका अशा शहरात दोन दिवस काढले, की ज्याचे नाव जगातल्या साऱ्या शहरांत लांब आहे. आपण त्याला बँकॉक म्हणतो. तिथली माणसे म्हणतात क्रुंग थेप महानखोन, आणि हा नावाचा केवळ मुखडा झाला. पुरते नाव म्हणू लागले तर आपल्याकडे सत्यनारायणाचा संकल्प चालला आहे असे वाटावे. त्याचा अर्थ साधारण असा: देवांचे महानगर, अमर रत्नाचे स्थान, इंद्राची अजिंक्य अयोध्या, नवरत्नांची राजधानी, रम्य पुरी, उत्तम राजनिवास, देवांच्या विमानांचे ठिकाण, अवतारी पुरुष जेथे राहतो ती, शक्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली. थाई जिभेला शब्दाच्या शेवटचा र पेलत नाही, त्याचा न होतो. म्हणून महानगरचे महानखोन. एरवी शब्द ओळखीचाच. आम्ही नगरकर, ते महानगर. भेट होणे प्राप्तच होते.

आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, दहा वर्षांची कन्या आणि आई. नोकरीच्या निमित्ताने आमचा मुक्काम गेली अकरा वर्षे सिंगापुरात आहे. सिंगापूर फार सुरेख आहे, फार स्वच्छ आहे आणि फार लहान आहे. शनिवारी सकाळी मोठ्या हौसेने सहलीला निघालेला माणूस दुपारपर्यंत समुद्राला जाऊन टेकतो. म्हणून तिथली परदेशी नोकरदार मंडळी शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून परस्पर विमानतळ गाठतात आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत पुन्हा टेबलाशी बसतात. बँकॉक अडीच तासांवर. नगरहून पुण्याला एस्टीने जावे तरी याहून अधिक वेळ मोडतो. शिवाय तिथले घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, तेव्हा जाताना एक तास फुकटात पदरात पडतो. (येताना तो परत करावा लागतो, ही गोष्ट मात्र प्रवासी कंपन्या सांगत नाहीत.)

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. वय चौऱ्याहत्तर. माहेर नेवासे, सासर नगर, आणि या दोहोंच्या मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षे पहिलीच्या वर्गाची मास्तरीण. सिंगापुरातल्या काचेच्या इमारती तिने पंधरा दिवस मन लावून पाहिल्या आणि सोळाव्या दिवशी म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण इथं माझ्यापेक्षा जुनं काहीच दिसत नाही." त्या वाक्यावर बँकॉकची तिकिटे निघाली. त्या वर्षी भारतीय पासपोर्टला थायलंडचा व्हिसाही लागत नव्हता, हा आणखी एक शुभशकुन.

निघालो शुक्रवार, ४ ऑक्टोबरला. आदल्या दिवशी घटस्थापना होती. नगरच्या घरी घट थोरल्या वहिनींनी बसवले होते. लग्न झाल्यापासून अखंड दिव्याला तेल घालायला आई घरात नाही असे हे पहिलेच नवरात्र. ती बोलत नव्हती, पण संध्याकाळी दिवेलागणीला तिचा हात उगाच काहीतरी शोधत असे. आणि त्याच गुरुवारी दिल्लीहून बातमी आली होती, की केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मोबाईलवर अभिनंदनाचा नुसता पूर लोटला. ज्यांनी शाळा सोडल्यापासून मराठीत चार ओळी लिहिल्या नसतील त्यांनीही 'अमृतातेही पैजा' वगैरे मजकूर इकडून तिकडे ढकलला. आईने चष्मा लावून बातमी नीट वाचली आणि नातीकडे पाहून मला विचारले, "म्हणजे आता हिला शाळेत मराठी शिकवणार का?"

इथे थोडा खुलासा करायला हवा. सिंगापूरच्या शाळेत 'मातृभाषा' हा विषय सक्तीचा आहे आणि सरकार त्याबाबत मोठे काटेकोर आहे. चिनी मुलाने चिनी शिकावी, मलय मुलाने मलय, तमिळ मुलाने तमिळ. बाकीच्या भारतीयांसाठी पाच भाषांची सोय आहे: हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू. या पाचांत मराठी नाही. म्हणून आमच्या कन्येच्या वेळापत्रकात 'मातृभाषा' या खान्यात हिंदी आहे, आणि तिच्या मातोश्री तर सदाशिव पेठेतल्या! हौशी मंडळी सुटीच्या दिवशी मराठीचे वर्ग चालवतात, नाही असे नाही. पण परदेशातल्या मुलांचे शनिवार-रविवार म्हणजे पोहणे, वाढदिवस आणि सहली. पोर घरात मराठी बोलते. 'मी तुझ्यासाठी थांबून राहिली होती' असे म्हणते. हिंदीच्या कृपेने अक्षरे वाचता येतात, हेच काय ते भाग्य. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी "अहो आई, बॅग भरायची राहिलीय" म्हणून विषय बदलला.

बँकॉकला पोहोचेतो रात्र झाली. सामान टाकून चिनी वस्तीतल्या यावरात रस्त्यावर गेलो. या रस्त्याचे वर्णन काय करावे! आमच्या कापडबाजारात दिवाळीच्या आदल्या रात्री जी गर्दी होते तिला विजेच्या तांबड्या पाट्या लावाव्यात आणि प्रत्येक दुकानापुढे एक कढई उकळत ठेवावी. शाकाहारी माणसाने अशा ठिकाणी नाक मुठीत धरून चालावे अशी एरवी परिस्थिती. पण त्या रात्री दुकानादुकानांवर पिवळ्या पताका फडफडत होत्या आणि त्यांवर तांबड्या रंगात एकच थाई अक्षरचिन्ह होते. उच्चार 'जे'. चौकशी केली तेव्हा कळले, की चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस तिथली चिनी मंडळी मांसमासळी वर्ज्य करतात. इतकेच काय, कांदा-लसूणही बंद! ज्या अमावास्येनंतर आपले नवरात्र बसते त्याच अमावास्येनंतर त्या वर्षी त्यांचेही नऊ दिवस सुरू झाले होते. आईला हे सांगितले तर तिला काडीचेही आश्चर्य वाटले नाही. "मग? नऊ दिवस कांदा-लसूण कोण खाईल!" असे म्हणून तिने शेवयांची थाळी पुढे ओढली.

शनिवारी सकाळी नदी. सीना ही ज्याची नदी आहे त्या माणसाला चाओ फ्राया दाखवू नये; तो बोलायचा थांबतो. पाऊसकाळ सरत आला होता, पात्र तुडुंब, पाणी गढूळ पिवळे, आणि त्यावरून होड्या, पडाव, वाळूने भरलेल्या तराफ्यांच्या माळा आणि आमची नारिंगी निशाणाची बोट. ही बोट म्हणजे तिथली एस्टी. कंडक्टरबाई हातातला पत्र्याचा डबा खुळखुळवत येतात आणि त्यातूनच तिकीट फाडून देतात. धक्का आला की बोट धड थांबतही नाही. खलाशी शिट्टी मारतो आणि माणसे उड्या टाकतात. आई दोन मिनिटे पाणी पाहात राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी, आणि कुणी पाळीवरून भांडत नाही!" भंडारदऱ्याच्या आवर्तनाच्या तारखा ज्यांनी आयुष्यभर पाठ केल्या त्यांनाच हे वाक्य समजेल.

शेजारी एक थाई आजीबाई झेंडूच्या माळांची परडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हसून विचारले, "इंडिया?" आईने मान डोलावली आणि सवयीप्रमाणे सांगितले, "नगर." आजीबाईंचा चेहरा उजळला. "नखोन!" त्या म्हणाल्या आणि बोटे मोडून विचारू लागल्या: नखोन पथोम? नखोन रात्चसीमा? नखोन सी थम्मरात? म्हणजे प्रथम नगर, राजसीमा नगर आणि श्रीधर्मराज नगर. थायलंडात नगरांचा तोटा नाही. पृथ्वीच्या पाठीवर नगर एकच हा आमचा समज असा भर नदीत बुडाला.

राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला पाचशे बाथ, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेबाराशे रुपये. हा आकडा आईला सांगायचा नाही असे घरातच ठरले होते. दाराशी पोशाखाची तपासणी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. गोरे पाहुणे अर्ध्या विजारींत आले होते. त्यांना बाजूला काढून हत्तींच्या चित्रांचे पायजमे विकत घ्यायला पाठवत होते. आईच्या सहावारी पातळाकडे पाहून पहारेकऱ्याने हात जोडले.

आवारात शिरताच दोन्ही बाजूंना मारुतीच्या देवळापुढच्या दीपमाळांएवढे उंच राक्षस उभे. सुळे बाहेर आलेले, हातात गदा, अंगभर रंगीत चिनी मातीचे तुकडे. त्यांतला एक हिरवा होता. पुस्तिका सांगत होती, हा थोत्सकान. दशकंठ! खुद्द रावण बुद्धाच्या देवळाचा द्वारपाल. कन्या म्हणाली, "आजी, व्हिलन गेटवर कसा?" आई शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे पाथर्डीच्या बाजूला दैत्यनांदूर आहे, तिथं ग्रामदैवत निंबादैत्य. त्या गावात मारुतीचं देऊळ नाही की कुणाचं नाव मारुती नाही. मारुती मोटारसुद्धा घेत नाहीत. दैत्य एकदा आपला झाला म्हणजे राखण चांगली करतो." थाई स्थापत्यावरचे एवढे नेमके भाष्य मला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात आढळलेले नाही.

मंदिरातला पाचूबुद्ध खरे पाहता हिरव्या जेडसारख्या दगडाचा आहे आणि उंचीला जेमतेम सहासष्ट सेंटीमीटर. एवढ्या सोनेरी डामडौलात तो उंच चौथऱ्यावर इतका लहान दिसतो की आधी शोधावा लागतो. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागला की, राजा स्वतः त्याचे वस्त्र बदलतो. विठोबाला उन्हाळ्यात चंदनउटी लागते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल नाही.

नवल आहे ते भोवतालच्या ओवऱ्यांत. १७८२ साली ही राजधानी वसवणाऱ्या पहिल्या राम राजाने (तिथल्या चक्री घराण्यातले सगळे राजे रामच) रामायणाची थाई आवृत्ती रचवून घेतली. तिचे नाव रामकियेन, म्हणजे रामकीर्ती. ती सबंध कथा या भिंतींवर एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रांत रंगवलेली आहे. जनक राजाला नांगरताना सीता सापडते तिथून आरंभ. आईने चष्मा पुसला आणि ती वाचक बसल्यासारखी भिंतीपाशी उभी राहिली. आम्ही पुस्तिकेतून सांगायचे आणि तिने पोथीशी ताडून पाहायचे असा क्रम सुरू झाला. सीता ही रावणाचीच मुलगी, इथपर्यंत तिने सोसले. पण हनुमान! पांढराशुभ्र, दागिन्यांनी मढलेला, आणि सेतू बांधताना दगड चोरणाऱ्या रावणकन्येशी, सुवर्णमत्स्या नावाच्या मासळीशी, याने चक्क सूत जमवले. तिच्यापासून त्याला मुलगाही आहे, वर वानर आणि खाली मासा. बिभीषणाच्या मुलीशीही प्रकरण आहेच. मला वाटले, आता आई निघून जाते. जन्मभर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणारी बाई! ती थोडा वेळ त्या मासळीकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "मकरध्वज आपल्याकडेही आहे की. पण आपला घामाच्या थेंबापासून झाला. यांनी आडवळण न घेता सरळ संसारच थाटून दिला."

जवळच आपल्याकडचा एक मोठा घोळका होता. त्यातले एक गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, की हे सगळे आपलेच आहे, इथून तिथून आपलेच, यांनी फक्त सोने लावले. प्रवासात ही वाक्ये फार ऐकू येतात, आणि खरे सांगायचे तर ओळखीची नावे पाहून ती कोणाच्याही ओठांवर येतात. आई हळूच म्हणाली, "मुलगी सासरी गेली, दोनशे वर्षं नांदली. तिच्या हातच्या पुरणपोळीला आपली म्हणायचं का? चव असेल माहेरची, पण गूळ त्यांचा आहे ना!" तिने आवाज केला नाही हे बरे झाले. गृहस्थ वजनदार होते.

राजवाड्याच्या बाहेर, सनाम लुआंग या विशाल मैदानाच्या कोपऱ्याशी एक लहानसे देऊळ आहे. त्यात देव नाही, खांब आहे. लाक मुआंग, नगराचा खांब. २१ एप्रिल १७८२ रोजी हा लाकडी खांब रोवून शहराचा जन्म झाला. चौथ्या राम राजाच्या वेळचा दुसरा खांबही शेजारी उभा आहे. लोक उदबत्त्या लावतात, रंगीत वस्त्रे बांधतात, सोन्याचा वर्ख चिकटवतात. नवस फिटला म्हणजे बाजूच्या मांडवात नाच करवतात. प्रवासी कंपन्यांच्या यादीत हे ठिकाण बहुधा नसते, आणि आम्हीही ते सावली शोधत गाठले होते. पण खांब म्हटल्याबरोबर आईने चपला काढल्या.

नेवाशाच्या मुलीला खांबाचा अर्थ सांगावा लागत नाही. प्रवरेच्या काठी पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली अशी श्रद्धा आहे. मूळ देऊळ गेले, खांब राहिला. त्या खांबावर एक जुना लेखही कोरलेला आहे, करवीरेश्वराच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाचा. आई लहानपणी त्या अक्षरांवरून बोट फिरवीत असे.

आणि इथे, या खांबाच्या आवारात, ओळीने दिवे होते. प्रत्येक वाराची बुद्धमूर्ती वेगळी. ज्याचा जन्म ज्या वारी त्याने त्या मूर्तीपुढच्या दिव्यात तेल घालायचे. वारांची नावे विचारली तर आतित, चन, आंगखान, फुत... आदित्य, चंद्र, अंगारक, बुध! आईला आपली जन्मतारीख ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावरची मास्तरांनी लावलेली. पण वार ठाऊक आहे, श्रावणातला शनिवार. शनिवारचा बुद्ध नागाच्या फण्याखाली बसलेला असतो. त्या दिवशीही शनिवार होता. माहेरच्याच तालुक्यात शिंगणापूर. शनिवारी तेल घालण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. तिने तेलाची लहान बाटली घेतली आणि दिव्यात अशी सावकाश धार धरली की मागे रांग लागली. कोणी घाई केली नाही. मग पदराला हात पुसून म्हणाली, "चला, झालं." नगर सोडल्यापासून तिचा चेहरा एवढा निवांत मी पाहिला नव्हता. कुठला देव, कोणाचा दिवा, हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

मैदानाच्या पलीकडे राष्ट्रीय संग्रहालय. एकेकाळी ते उपराजाचा वाडा होते. पाय दुखत होते, कन्या कुरकुरत होती, आणि आत थंडावा असेल एवढ्याच लोभाने आम्ही शिरलो. जावाहून आलेला, कवट्यांच्या आसनावर बसलेला एक भव्य गणपती तिथे आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, विघ्नेश. कलावंतांचा तो आराध्य देव, ललित कला खात्याच्या मुद्रेवरही तोच. पण त्याच्यापुढे आम्ही फार थांबलो नाही. थांबलो ते एका चौकोनी दगडापाशी. कमरेच्या वर येईल एवढा, माथा निमुळता, चारही अंगांवर बारीक अक्षरे.

हा सुखोथाईच्या रामखामहेंग राजाचा शिलालेख. १८३३ साली राजपुत्र मोंगकुट भिक्षू असताना त्याला सापडला. पुढे हाच चौथा राम झाला. लेखाचा काळ १२९२ सालचा धरतात. राजाच्या राज्यात पाण्यात मासे आणि शेतात भात कसे आहे, फिर्याद असेल त्याने वाजवावी म्हणून वेशीवर घंटा कशी टांगली आहे, असा मोठा प्रेमळ मजकूर त्यात आहे. आणि याच लेखात राजा सांगतो, की आपण शक १२०५ मध्ये थाई भाषेसाठी ही अक्षरे घडवली. काही पंडित या लेखाच्या जुनेपणाविषयी शंका घेतात. वाद जुना आहे आणि पंडितांना तो लखलाभ असो. थाई माणूस या दगडाकडे आपल्या लिखित भाषेचा जन्म म्हणून पाहतो.

"शक?" आईने विचारले. "म्हणजे आपलं शके?" होय, तेच. ती क्षणभर पुटपुटली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी तिच्या रचनेचे वर्ष दिले आहे, शके १२१२, इसवी सन १२९०. "बाराशे पाच, बाराशे बारा," ती म्हणाली. "यांची अक्षरं झाली, आणि सात वर्षांनी आमच्या नेवाशात..." पुढचे वाक्य तिने पूर्ण केले नाही. पण हिशेब पक्का होता. हजारो मैलांवर, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन प्रदेशांत, एकाच पिढीत कोणाला तरी वाटले, की मोठ्या भाषेतले मोठे ज्ञान आपल्या घरच्या बोलीत आले पाहिजे. एकाने दगड घेतला, एकाने ओवी.

त्या दालनाची देखरेख करणारी एक प्रौढ बाई आमच्याकडे पाहात होती. एवढा वेळ इथे कोणी थांबत नसावे. कन्येने इंग्रजीतून तिला सांगितले, की माझी आजी शिक्षिका होती, पहिलीची. बाई हसली आणि दगडावरच्या एका अक्षरावर दुरून बोट रोखून म्हणाली, "को काय." को म्हणजे क, काय म्हणजे कोंबडी. मग "खो खाय." खाय म्हणजे अंडे. थाई मुले अशीच अक्षरे गिरवतात. आईचे डोळे चमकले. "क कमळाचा," ती म्हणाली, "ख खटाऱ्याचा." बाई म्हणाली, "खो ख्वाय." हे अक्षर मुळात आपला ग, आता त्याचा उच्चार ख झाला आहे. आणि ख्वाय म्हणजे? कन्येने विचारून सांगितले: रेडा, पाण्यात डुंबणारा. आई खळखळून हसली. "अगं, आमच्या ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, यांनी रेड्याला बाराखडीत बसवलं!" याचे भाषांतर करताना कन्येची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. रेडा, वेद, पैठण, ब्राह्मण, सगळे इंग्रजीत! तिला मध्येच थांबून आजीलाच विचारावे लागले, "पण तो रेडा बोलला का? म्हणजे का बोलला?" आजी तिथेच बाकावर बसली आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली.

क, ख, ग, घ, ङ. क्रम तोच. दोघींनी पाचही अक्षरे बोटांवर मोजून म्हटली, एक मराठीत, एक थाईत. मग बाईने कागदाच्या चिठ्ठीवर 'नखोन' लिहून दाखवले. तीनच अक्षरे: न, ग, र. बोलताना काहीही होवो, लिहिताना तिथले नगर अजून नगरच आहे.

निघताना आईने विचारले, "हे तुमच्याकडे मुलं शाळेत शिकतात?" बाईला प्रश्नाचा रोख समजेना. अर्थातच, ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. दुसरे काय शिकणार? आईने मान डोलावली. बाहेर आल्यावर बराच वेळ ती गप्प होती. त्या रात्री खोलीत कन्या हॉटेलच्या कोऱ्या कागदावर काहीतरी गिरवत बसली होती. एका ओळीत थाई नगर, खाली मराठी नगर. आई म्हणाली, "र असा पोट सुटल्यासारखा काढू नये." आणि तिचा हात धरून तिने र काढून घेतला, तीस वर्षे काढून घेतला तसा. सौभाग्यवतींनी दिवा मालवायला उशीर केला.

रविवारचे फारसे सांगण्यासारखे नाही. वाट पो मध्ये सेहेचाळीस मीटर लांबीचा निजलेला सोनेरी बुद्ध पाहिला. त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या कामात एकशे आठ शुभचिन्हे आहेत आणि पाठीमागे ओळीने एकशे आठ पितळी पात्रे. प्रत्येकात एकेक नाणे टाकीत जायचे. आईने एकही चुकवले नाही. नावेने पलीकडे जाऊन वाट अरुण पाहिले. अरुणाचे देऊळ, फुटक्या चिनी बशांच्या तुकड्यांनी सजवलेले. दुरून दागिना, जवळून मांडणी. पायऱ्या फार उभ्या, म्हणून आई खाली नारळपाणी घेऊन बसली. दुपारी कन्येच्या आग्रहावरून बाजारपेठेत दोन तास गेले, त्यांचा हिशेब सौभाग्यवतींकडे आहे.

संध्याकाळी परत विमानतळ. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आहे. पासपोर्टची तपासणी संपवून आत गेले की समोर एक अजस्र रंगीत शिल्प येते: समुद्रमंथन. मध्ये मंदर पर्वत, खाली कासव, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दैत्य, वासुकीला दोन्हीकडून ओढताहेत, आणि वर विष्णू. भोवती जगभरचे प्रवासी छायाचित्रे काढत होते. आईने शिल्पाला एक प्रदक्षिणा घातली आणि परत येऊन विचारले, "यात मोहिनी कुठं आहे?"

मोहिनी दिसत नव्हती. आई म्हणाली, "मग पुढची पंगत कुठं झाली हे यांना कसं कळणार?" नातीने विचारले, कसली पंगत? तेव्हा विमानतळावरच्या बाकावर बसून आईने सांगितले, की अमृत निघाल्यावर भांडण लागले, विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, आणि देव-दैत्यांना समोरासमोर बसवून अमृत वाढले ते आपल्या नेवाशात. म्हणून नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ. राहू चोरून देवांच्या पंगतीत बसला, आणि विष्णूने त्याचे शिर उडवले.

"मग ते कुठं पडलं?"

"लोक सांगतात, राहुरीला."

"नेवाशापासून किती लांब?"

"एस्टीनं तास-दीड तास."

आमच्या विमानाची घोषणा झाली. कन्येने आजीची पिशवी उचलली आणि चालता चालता विचारले, की मे महिन्यात आपण नगरला जाऊ तेव्हा ती एस्टी मिळेल का, आणि त्या खांबावरची अक्षरे आपल्याला वाचता येतील का. आई म्हणाली, "ती फार जुनी आहेत. पण आधी तुझा र नीट होऊ दे."